चर्चचा ठराव आणि पोरांची नोकरी

१८५२ साली रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी नगरहून कोल्हापुरात आले. आपल्या वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावातले वायल्डर ते हेच. शाळा हे मिशनच्या कामाचं मोठं साधन आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पण १८५४-५५ मध्ये त्यांना पाठवणाऱ्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशन संस्थेचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि उलट दिशेचं धोरण ठरवून गेले. इंग्रजी शाळांचा पसारा आवरा, देशी भाषेत प्रचार करा, गावोगाव मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती सभासदांच्या स्थानिक सभा, उभ्या करा. कारण सरळ होतं. इंग्रजी शिकलेला पोरगा प्रचारक होत नाही, सरकारी कचेरीत कारकून होतो. पगार त्याला मिळतो, मिशनच्या हाती काही लागत नाही.

वायल्डरना हे पटलं नाही. वाद इतका वाढला की बोर्डाने कोल्हापूरचं काम पुढे चालवलंच नाही. वायल्डरनी १८६१ मध्ये मिशनच्या शाळांच्या प्रश्नावर एक पुस्तक छापलं आणि कुठल्याही बोर्डाविना, स्वतंत्रपणे कोल्हापूरला परतले. पुढे १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेतलं.

जुनं भांडण आहे, पण ते उगाळण्याचं कारण आहे. त्यात दोन्ही बाजूंची माणसं धर्माबद्दलच बोलत होती. कोल्हापूरच्या पोरांना काय पगार मिळावा हा विषय कुणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. तरीही त्या पोरांच्या पगाराचा निकाल त्याच भांडणात लागत होता. चर्चच्या धोरणाचा तरुणांच्या कमाईवर परिणाम कसा होतो, याचं उत्तर बहुतेक वेळा असं आडवाटेने येतं.

साखर कारखाना साखरेसाठी काढतात, पण मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) निघतेच, आणि कधीकधी त्यावरच कारखान्याचा ताळेबंद सावरतो. चर्चच्या बाबतीत रोजगार ही ती मळी. उद्देश उपासना, शिक्षण, सेवा असा काहीही असेल. ठराव झाला की त्यातून कुणाला शाळा मिळते, कुणाला वसतिगृह, कुणाला नोकरी, आणि कुणाचा दाखला अडतो.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे. प्रोटेस्टंट भाग कॅथलिक भागांपेक्षा श्रीमंत का झाले, या प्रश्नावर १९०४-०५ मध्ये मॅक्स वेबर यांनी मांडलं की प्रोटेस्टंट शिकवणीतून कष्टाची आणि काटकसरीची वृत्ती आली. शंभर वर्षं हेच उत्तर सांगितलं गेलं. २००९ मध्ये साशा बेकर आणि लुडगर व्होसमान या अर्थतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाची जिल्हावार आकडेवारी तपासली. त्यांना दिसलं की दोन्ही भागांतल्या संपन्नतेचा फरक बव्हंशी साक्षरतेतूनच उलगडतो. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं, असा ल्यूथरचा आग्रह होता. त्यासाठी मुलामुलींच्या शाळा लागल्या. वाचायला शिकलेला माणूस बायबलबरोबर हिशोबाची वहीही वाचतो. हे माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म आहे. प्रवचनात काय सांगितलं यापेक्षा चर्चने पैसा आणि माणसं कुठे लावली, हे पोटापाण्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं ठरतं.

आता आपल्या भागाकडे या. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची पहिली अडचण रोजीरोटीची असे. गावगाड्यातलं काम जातीवर बांधलेलं. जातीबाहेर गेला की कामाबाहेर गेला. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा ब्रिटिश मुलखात १८५० मध्येच झाला होता, पण बलुतं आणि शेजारपाजार कायद्याने परत मिळत नाहीत. त्यामुळे नव्या ख्रिस्ती कुटुंबांनी जगायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक मिशनपुढे आला आणि प्रत्येकाने तो वेगळ्या तऱ्हेने सोडवला.

बासेल मिशनने मंगळूरला कारखाने काढले. विणकाम तर होतंच, पण १८६५ मध्ये त्यांनी कौलांचा कारखाना सुरू केला. मंगलोरी कौल म्हणून जे आपण ओळखतो ते तिथलं. त्या मिशनच्या पोरांच्या हातात यंत्र आलं, पाळी आली, आठवड्याची मजुरी आली.

प्रेस्बिटेरियन मिशनने आपल्याकडे मुख्य भर दिला तो शाळा आणि दवाखान्यांवर. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. कोल्हापुरात मेरी वॉनलेस हॉस्पिटल, तिकडे कोडोलीला दवाखाना. शाळा तर होत्याच. एस्तेर पॅटन आणि आयर्विन ख्रिश्चन ही नावं कोल्हापूरकराला सांगायला नकोत. या संस्थांना माणसं लागत होती: शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर, प्रयोगशाळेतले मदतनीस, कारकून, वॉर्डन. मिशनच्याच बोर्डिंगमध्ये वाढलेली पोरं मिशनच्याच संस्थांत लागली. दोन पिढ्यांत शेतमजुराच्या घरात महिन्याचा पगार येऊ लागला.

मुलींच्या बाबतीत तर हा बदल विलक्षण होता. परक्या माणसाचं आजारी शरीर हाताळायचं, रात्रपाळी करायची, हे काम सवर्ण घरांना आपल्या मुलींसाठी कमीपणाचं वाटे. मिशनने त्याच कामाला प्रशिक्षण, गणवेश आणि पगार दिला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातल्या परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचं प्रमाण फार मोठं होतं, ते यामुळे. मुलीचा पगार घरात आला की लग्नाचं वय, धाकट्या भावंडांचं शिक्षण, सगळंच हलतं.

या शिडीला एक पायरी मात्र कधीच बसवली गेली नाही, ती धंद्याची. कोल्हापूर हे फाउंड्रीचं शहर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत. मोल्डिंगपासून सुरुवात करून स्वतःचं वर्कशॉप टाकलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतील. हुपरीला चांदी, इचलकरंजीला माग. मिशनच्या संस्थांनी वाढवलेल्या घरांत मात्र यशाची व्याख्या पगारी नोकरी अशीच राहिली, आणि त्यातही 'आपल्याच संस्थेत चिकटला का?' हा प्रश्न. संस्था वाढत होत्या तोवर ते चाललं. संस्थांच्या जागा आटल्या आणि तीच व्याख्या ओझं झाली. यात मिशनचा दोष किती आणि आपला किती, यावर चहाच्या टेबलावर बराच वेळ जाऊ शकतो.

आता सर्वात गुंतागुंतीचा भाग. तो जरा सावकाश घेऊ, कारण यात चर्चची वही आणि सरकारचा कायदा एकमेकांत अडकले आहेत.

समजा, हातकणंगले तालुक्यात एकाच महार कुटुंबातल्या दोन भावांचे दोन वंश आहेत. एका भावाने मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या मुलांनी १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे बौद्ध धम्म स्वीकारला. आज दोन्हीकडची पोरं बारावीत आहेत. भावकी एक, गावातली वस्ती एक, गावाने दिलेली वागणूकही फारशी वेगळी नाही. पण तहसील कार्यालयात दोघं दोन वेगळ्या रांगांत उभे राहतात.

कारण १९५० चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात मूळ अट होती की हिंदू धर्म न मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. त्यामुळे बौद्ध चुलतभावाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. ख्रिस्ती चुलतभावासाठी महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत नोंद आहे: अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले. म्हणजे तो ओबीसी.

वरवर बघता वाटेल, आरक्षण तर दोघांनाही आहे. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, ओबीसींना १९ टक्के. पण ओबीसीच्या रांगेत शेकडो जाती आहेत, त्यांतल्या अनेकांच्या घरी जमीन आहे, शिक्षण आहे. शिवाय ओबीसीला नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचा, दाखला लागतो, अनुसूचित जातीला लागत नाही. अनुसूचित जातींसाठीची वेगळी शिष्यवृत्ती, राखीव मतदारसंघ, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, हे सगळं त्या एका शब्दाबरोबर जातं. आदिवासींच्या बाबतीत मात्र अशी धर्माची अट नाही. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीचाच राहतो.

यात चर्चचं धोरण कुठे आलं? नोंदवहीत.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकापूर्वीचे पुरावे मागतात. या मुलाला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत: आपण ख्रिस्ती आहोत, आणि आपले पूर्वज अमुक अनुसूचित जातीचे होते. पहिली सोपी. दुसरीसाठी पणजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जन्म-मृत्यूचा उतारा, असं काही शोधावं लागतं. जुन्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं 'ख्रिश्चन' किंवा 'नेटिव्ह ख्रिश्चन' लिहिलेलं असेल तर गाडी अडते. मग घरचे पाळकसाहेबांकडे जातात आणि बाप्तिस्म्याची जुनी वही उघडली जाते. त्यात मूळ जात लिहिली असेल तर निदान एक धागा मिळतो. नसेल तर नाही.

आणि जात न लिहिण्यामागे उदात्त विचार होता. ख्रिस्तात जात नाही, मग मंडळीच्या वहीत ती कशाला? मला हा विचार मनापासून पटतो. पण ज्या वहीने जात पुसली तिच्या पानात नातवाचा पुरावाही पुसला गेला, हे खरं आहे. वही नीट जपणं, तिची छायाचित्रं काढून ठेवणं, मागणाऱ्याला मुदतीत प्रमाणित उतारा देणं, हे कुठल्याही मंडळीच्या कमिटीला एका ठरावात करता येतं. वाळवी लागलेली एक वही म्हणजे अनेक घरांचे दाखले.

दुसरी बाजूही आहे. काही तरुण दर रविवारी उपासनेला येतात, गायकवृंदात गातात, पण बाप्तिस्मा घेत नाहीत किंवा कागदावर हिंदूच राहतात. कारण दाखला. याला कुणी ढोंग म्हणतं, कुणी नाइलाज. न्यायालयाची भूमिका कडक आहे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात म्हटलं की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. त्या प्रकरणात बाप्तिस्म्याची नोंदही पुराव्यात आली होती. चर्चची वही ही कोर्टात जाणारी वही आहे, हे पाळकांनी आणि पोरांनी दोघांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

दलित ख्रिस्ती आणि मुस्लिमांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा, अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. माझं मत विचाराल तर दोन चुलतभावांच्या उदाहरणापुढे १९५० च्या आदेशाचं समर्थन करणं अवघड आहे. पण बारावीतल्या पोराने आयोगाची वाट बघत बसू नये. मूळ अनुसूचित जातीचं घर असेल तर ओबीसी दाखल्याची जुळवाजुळव दहावीतच सुरू करावी. ज्यांचं घर कुठल्याच यादीत बसत नाही आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण आहे. ते ख्रिस्ती माणसालाही मिळतं. कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं.

शाळांचं प्रकरण याच्या मानाने सोपं आहे, निदान कागदावर. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने या हक्काच्या मर्यादा आखून दिल्या. २०१४ च्या प्रमाती निकालाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरलं. म्हणजे गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचं बंधनही नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी शिक्षक पात्रता परीक्षेच्या खटल्यात या निकालाबद्दलच शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं सुचवलं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की कायद्याने जे बाकीच्या शाळांना करावंच लागतं, ते चर्चच्या शाळेत बरंचसं व्यवस्थापनाच्या मर्जीवर असतं. वस्तीतल्या मोलकरणीच्या मुलीला इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंटमध्ये जागा द्यायची का? मंडळीतल्या मुलांना फीमध्ये किती सवलत? शिक्षकभरतीची जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची की सभेनंतर कानोकान? कलम ३० ने दिलेलं स्वातंत्र्य चांगलं वापरलं तर त्याच समाजातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला उभं करतं. वाईट वापरलं तर ते चार घराण्यांचं वतन होतं. आपल्याकडे खासगी संस्थेतल्या नोकरीच्या संदर्भात 'डोनेशन' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि नियम लिहून काढलेले नसले की हा शब्द कुठेही शिरू शकतो.

माध्यमाचा मुद्दाही इथेच येतो. प्रोटेस्टंट मिशनच्या जुन्या शाळा प्रामुख्याने मराठी माध्यमाच्या. कॅथलिक संस्थांनी, म्हणजे सेंट झेवियर्स आणि होली क्रॉससारख्यांनी, इंग्रजी माध्यम धरलं. आज पालक इंग्रजीकडे पळतात. मराठी शाळेचा पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करताना, पदं कमी होतात आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात. नवीन लागलेला तर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार आहे. डी.एड. करून 'आपल्या शाळेत' लागण्याचं स्वप्न बघणाऱ्या पोरीने आधी त्या शाळेचा पट बघावा.

बोर्डिंगची गोष्ट वेगळी. ज्या मुलांच्या खेड्यात हायस्कूल नव्हतं त्यांच्यासाठी बोर्डिंग हाच शहराचा दरवाजा होता. कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको, कारण शाहू महाराजांनी जातीजातींच्या वसतिगृहांचं जाळंच विणलं आणि त्यात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं वसतिगृहही होतं. पण मिशनची बोर्डिंगं चालली ती पुष्कळशी परदेशी पैशावर. तो ओघ स्वातंत्र्यानंतर हळूहळू कमी झाला आणि अलीकडे कायद्यानेही आवळला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. मोठी संस्था पैसे घेऊन लहान संस्थेला देत असे, ती वाट बंद झाली. त्याआधी मार्च २०१७ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकन संस्था भारतातून बाहेर पडली. तिच्या मदतीवर देशभरात जवळपास दीड लाख मुलं होती.

म्हणजे आता दशांशावर (सभासदांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावर) आणि वर्गणीवर भागवायचं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, राज्याच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यांतली कोल्हापूरची मंडळी म्हणजे लहानशी वस्ती. कापणीच्या सणाला भोपळ्याचा लिलाव कितीही चढा झाला तरी त्यातून वसतिगृहाचं छत होत नाही. प्रश्न उरतो तो जमलेल्या पैशाच्या वाटपाचा. रंगरंगोटी, ध्वनियंत्रणा आणि पाहुण्या वक्त्यांच्या खर्चाशेजारी शिष्यवृत्तीचा रकाना आहे का, आणि असला तर केवढा.

पैशाखेरीज चर्चकडे एक भांडवल असतं, ओळखी. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सात कोटींहून जास्त फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्र्या अभ्यासल्या. गरीब घरच्या मुलाच्या ओळखीत सधन माणसं जितकी जास्त, तितकी तो पुढे वर सरकण्याची शक्यता जास्त, असं त्यांना आढळलं. आणि वर्गभेद ओलांडून मैत्री जुळण्याचं प्रमाण इतर ठिकाणांच्या मानाने धार्मिक संस्थांत अधिक दिसलं. अमेरिकेचं जसंच्या तसं इथे लावू नये. तरी निवृत्त मेट्रन, बँकेतला अधिकारी, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर आणि घरकाम करणारी बाई एका बाकावर बसतात अशा जागा कोल्हापुरात तरी किती आहेत? तरुण संघाची सभा गाण्याच्या सरावापुरती ठेवायची की त्यात महिन्यातून एकदा नोकरी-धंद्याची गाठभेट घडवायची, याला एक पैसा लागत नाही.

वेळेचंही धोरण असतं. स्पर्धा परीक्षा बहुतेक रविवारी येतात, कारखान्याची सुटी दरवेळी रविवारीच पडते असं नाही. बहुतेक मंडळ्या यात समजूतदार असतात. सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात, त्यांच्या पोरांना नोकरी निवडताना हा विचार आधीच करावा लागतो. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चमध्ये तर तरुण मुलग्यांनी दोन वर्षं स्वखर्चाने प्रचारकार्याला जावं अशी अपेक्षा असते; २०१२ मध्ये त्यांनी त्यासाठीचं किमान वय मुलांना १९ वरून १८ आणि मुलींना २१ वरून १९ केलं. त्या एका घोषणेने किती जणांचं कॉलेज पुढेमागे झालं असेल याचा अंदाज करा. त्याच चर्चने २००१ मध्ये गरीब देशांतल्या आपल्या तरुणांसाठी शिक्षणकर्जाचा निधीही काढला. घेतलेलं कर्ज फेडायचं, म्हणजे पुढच्याला मिळतं. मला ही दुसरी कल्पना आपल्याकडे उचलण्यासारखी वाटते. आपल्या पतसंस्थांच्या जिल्ह्यात ती कुणाला नव्याने शिकवावी लागणार नाही.

जर्मनीला जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलींसाठी एक सूचना इथेच करून टाकतो. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ही चौकशी फार वाढली आहे. तिथे कॅथलिक कारितास आणि प्रोटेस्टंट डियाकोनी या चर्चच्या संस्था रुग्णालयं आणि वृद्धाश्रम चालवतात. देशातल्या सर्वात मोठ्या नोकरी देणाऱ्यांपैकी त्या आहेत. तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात. कॅथलिक असं लिहिलं की पगारातून चर्चकर कापायला सुरुवात होते: बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि बव्हेरियात आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. पहिल्या पगाराची पावती बघून घाबरू नये म्हणून सांगितलं. शिवाय तिथल्या कॅथलिक संस्थांत २०२२ पर्यंत घटस्फोटानंतरचं दुसरं लग्नही नोकरीवर येऊ शकत होतं. त्या वर्षी नियम बदलले आणि खासगी आयुष्य बाजूला ठेवलं गेलं, पण चर्च सोडणं अजूनही नोकरीला धोक्याचं ठरू शकतं.

शेवटी जमीन. मिशनच्या काळातले कंपाउंड आज शहरांच्या ऐन मोक्याच्या जागी आले आहेत. १९७० मध्ये सहा चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च (सीएनआय) झालं, आणि ठिकठिकाणी मालमत्ता कुणाची यावर खटले सुरू झाले. गुजरातच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने जुन्या ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही; सार्वजनिक विश्वस्त कायद्याची प्रक्रिया पाळावी लागते. खटला चालू आहे तोवर जागेवर नवं काही उभं राहत नाही, आणि वकिलाची फी त्याच तिजोरीतून जाते जिथून शिष्यवृत्ती जाऊ शकली असती.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या ३६ व्या कलमानुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना विकता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. याचा उलटा अर्थ असा की विक्रीची भानगड न करता, आपल्याच जुन्या वर्गखोलीत व्हीएमसी-सीएनसीचं प्रशिक्षण, नर्सिंगच्या मुलींसाठी जर्मन भाषेचे वर्ग किंवा अभ्यासिका चालवायला कुठलीही जमीन विकावी लागत नाही. त्याला मंडळीच्या पंचांचा (कमिटीचा) ठराव लागतो, आणि ट्रस्टच्या घटनेतल्या उद्देशांत शिक्षण बसतं का ते आधी तपासावं लागतं.

ट्रस्टच्या नावावर नेमकं काय आहे हे धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यात लिहिलेलं असतं. विश्वस्त कोण, मालमत्ता कुठली, उद्देश काय, सगळं त्यात येतं. लेखापरीक्षकाचा वार्षिक अहवालही तिथेच दाखल होतो. कोल्हापुरात सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, आणि उताऱ्यासाठी तिथे अर्ज करता येतो. वार्षिक सभेत हात वर करण्याआधी तेवढा एक कागद तरुण संघाने खिशात ठेवावा.